तारणहार आणि पडदा : ‘ड्यून’ कादंबरीच्या चित्ररूपांविषयी

२०२४ च्या मार्च महिन्यात आमच्या महाविद्यालयातील दहा-बारा विद्यार्थ्यांना घेऊन मी जिल्ह्याच्या गावी ‘ड्यून : भाग दोन’ हा चित्रपट पाहायला गेलो. एस.टी.ने गेलो आणि एस.टी.नेच परतलो. हिंदी संवादांची प्रत लागली होती, त्यामुळे भाषेची अडचण कोणालाच आली नाही. नायक वाळूतल्या डोंगराएवढ्या किड्यावर उभा राहिला तेव्हा थिएटरात शिट्ट्या झाल्या. पुढे त्याने हजारो लोकांच्या सभेत उभे राहून ‘तुम्ही ज्याची वाट पाहत होता तो मीच’ अशा अर्थाची गर्जना केली, तेव्हा टाळ्या पडल्या. माझ्या विद्यार्थ्यांनीही टाळ्या वाजवल्या. खरे सांगायचे तर क्षणभर माझेही हात उचलले गेले.

परतीच्या गाडीत द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, सगळे त्याच्या पाया पडत होते, मग ती चानी एकटीच का निघून गेली? शेवटी ती वाईट ठरली का?” मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “त्याने राजकन्येशी लग्न ठरवले ना, म्हणून रुसली.” दोघांचेही म्हणणे माझ्या मनात राहून गेले. ज्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला, ती लिहिणाऱ्याने हयातभर एकच सांगितले होते, की तारणहारापासून सावध राहा. आणि तिच्यावरच्या चित्रपटात लोक तारणहारासाठी टाळ्या वाजवत होते. असे का व्हावे? दोष प्रेक्षकांचा, दिग्दर्शकाचा, की पडदा या माध्यमाचाच? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यायचा आहे. विज्ञानकादंबरी हा आपल्या वाङ्मयीन चर्चेत फारसा न येणारा प्रकार. परंतु सत्ता, वंश, पाणी आणि भक्ती हे या कादंबरीचे विषय आहेत, आणि ते आपल्याला परके नाहीत.

१

‘ड्यून’ म्हणजे वाळूची टेकडी. फ्रँक हर्बर्ट (१९२०-१९८६) हा अमेरिकेतला पत्रकार. १९५७ साली ओरेगन राज्यातील फ्लॉरेन्स या गावी तो एका लेखाच्या निमित्ताने गेला. तेथे समुद्रकाठची वाळू वाऱ्याबरोबर सरकत येऊन रस्ते गिळत होती आणि सरकारी शेतीखाते गवत लावून ती थोपवीत होते. तो लेख पूर्ण झाला नाही, पण वाळवंट, त्यात राहणारी माणसे आणि वाळवंटातून निघणारे धर्म यांचा अभ्यास हर्बर्टने पुढे कित्येक वर्षे केला. त्यातून ‘ॲनालॉग’ या मासिकात १९६३ ते १९६५ या काळात एक दीर्घकथा दोन टप्प्यांत क्रमशः आली. पुस्तकरूपाने ती छापायला वीसहून अधिक प्रकाशकांनी नकार दिला. अखेर मोटारदुरुस्तीची पुस्तके काढणाऱ्या चिल्टन या प्रकाशनसंस्थेने १९६५ मध्ये ती छापली. पुढे तिला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेतले दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले.

कथा थोडक्यात अशी. हजारो वर्षांनंतरचा काळ. माणूस अनेक ग्रहांवर पसरला आहे, पण समाजरचना मात्र सरंजामी आहे. वर सम्राट, त्याखाली सरदार घराणी आणि सर्वांत खाली कष्टकरी. प्रत्येकाची जागा जन्माने ठरलेली, आणि ती जागा न सोडणे हाच तेथला कायदा. अराकिस नावाच्या वाळवंटी ग्रहावर ‘स्पाइस’ नावाचा मसाल्यासारखा पदार्थ सापडतो. त्यावाचून ताऱ्यांमधला प्रवास अशक्य, म्हणून सगळ्या साम्राज्याचा डोळा या ग्रहावर. तेथले मूळचे रहिवासी म्हणजे फ्रेमेन. त्यांचे पूर्वज गुलामी सोसत एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर हाकलले गेले होते. ते डोंगरकपारीत राहतात, अंगातला घाम आणि श्वासातली वाफ गाळून पुन्हा पिता येईल असा पोशाख घालतात. माणूस मेला की त्याच्या देहातले पाणी टोळीच्या मालकीचे होते.

सम्राट हा ग्रह हार्कोनेन घराण्याकडून काढून अट्रेडीज घराण्याला देतो. हा डाव असतो. हार्कोनेन रात्री हल्ला करतात, अट्रेडीज सरदार मारला जातो. त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा पॉल आणि आई जेसिका वाळवंटात पळतात. फ्रेमेन त्यांना आश्रय देतात. पुढे पॉल त्यांचा नेता होतो, त्यांच्या बळावर सम्राटाला नमवतो आणि स्वतः सिंहासन घेतो.

एवढेच सांगितले तर ही नेहमीचीच राजपुत्राची गोष्ट वाटते. बाहेरून आलेला उच्चकुलीन गोरा तरुण रांगड्या लोकांचा उद्धार करतो, या साच्यातल्या कहाण्या पश्चिमेत विपुल आहेत. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा चित्रपट १९६२ मध्ये, म्हणजे हर्बर्ट आपल्या वाळवंटाचा अभ्यास करीत होता त्याच काळात आला होता. हर्बर्टने हा साचा घेतला खरा, पण त्याला आतून सुरुंग लावला.

२

हा सुरुंग कुठे आहे? फ्रेमेनांमध्ये एक भविष्यवाणी आहे, की बाहेरून एक पुरुष येईल, त्याची आई ज्ञानी संन्यासिनींपैकी असेल आणि तो आपल्याला मुक्त करील. ही भविष्यवाणी त्यांची स्वतःची नाही. बेने गेसेरिट नावाच्या संन्यासिनींच्या सत्ताधारी संघाने ती शतकांपूर्वी मुद्दाम पेरून ठेवलेली आहे. आपल्या संघाची कोणी बाई कधी संकटात सापडली तर अडाणी लोकांच्या श्रद्धेचा तिला आधार घेता यावा, एवढाच त्यामागचा हेतू. हाच संघ नव्वद पिढ्यांपासून कोणाचा विवाह कोणाशी व्हावा हे ठरवून सर्वश्रेष्ठ पुरुष ‘पैदा’ करण्याच्या खटपटीत आहे. रक्त कोणाचे कोणात मिसळावे आणि मिसळू नये यावर पहारा ठेवणारी आणि त्याच वेळी खालच्यांच्या मनात देव पेरणारी ही सत्ता एकच आहे, हे हर्बर्टने दाखवले आहे. आपल्या वाचकाला याची फोड करून सांगण्याची गरज नाही.

पॉलला हे सारे ठाऊक आहे. भविष्यवाणी खोटी आहे हे जाणूनच तो ती वापरतो. आपल्या नावाने निघालेल्या फौजा विश्वभर कत्तल करणार, हेही त्याला दिसते. तो आधी घाबरतो, टाळू पाहतो आणि शेवटी वाहवत जातो. दुसऱ्या कादंबरीत, म्हणजे १९६९ च्या ‘ड्यून मेसाया’त, या धर्मयुद्धात मेलेल्यांचा आकडा तो स्वतःच सांगतो. तो आहे एकसष्ट अब्ज.

पहिल्या कादंबरीतले दोन प्रसंग मला फार महत्त्वाचे वाटतात. पहिला स्टिल्गारचा. हा फ्रेमेनांचा करारी पुढारी, पॉलचा मित्र. एका क्षणी पॉलच्या ध्यानात येते, की याच्या डोळ्यांतला मित्र नाहीसा झाला आहे आणि तेथे भक्त येऊन बसला आहे. पॉलला त्याचे दुःख होते. माणूस भक्त झाला की तो लहान होतो, हे सांगणारा हा अगदी छोटा प्रसंग आहे.

दुसरा प्रसंग लिएट काइन्सचा. हा ग्रहाचा शास्त्रज्ञ. त्याच्या वडिलांनी फ्रेमेनांना एक कार्यक्रम दिला होता. दंवाचा थेंबन् थेंब साठवा, गवत लावा, वाळू थोपवा, झुडपे वाढवा. ग्रहावरच्या हिरव्या वनस्पतींनी ठरावीक प्रमाण गाठले, तीन टक्के एवढेच, की पुढे निसर्ग आपले आपण चालेल. किती काळ लागेल? तीनशे ते पाचशे वर्षे. फ्रेमेनांनी हे ऐकले आणि कामाला लागले. आपल्या नातवालाही दिसणार नाही अशा पाण्यासाठी ती माणसे जमिनीखाली हौद भरू लागली. या लोकांना तारणहाराची गरजच नव्हती, त्यांची मुक्ती त्यांच्या हातांनी चालू झाली होती. पुढे काइन्सला शत्रू वाळवंटात मरायला सोडून देतात. त्या भ्रमात त्याला मेलेल्या वडिलांचा आवाज ऐकू येतो, आणि तो आवाज सांगतो, की या लोकांवर कोसळू शकणारी सर्वांत भयंकर आपत्ती म्हणजे ते एखाद्या वीरपुरुषाच्या हाती पडणे. माझ्या मते साऱ्या कादंबरीचे मर्म या ठिकाणी आहे.

आता हे मर्म हर्बर्टने कोठे कोठे ठेवले ते पाहा. काही पात्रांच्या मनातल्या विचारांत. काही प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर दिलेल्या, राजकन्या इरुलानने पुढे लिहिलेल्या इतिहासग्रंथांतल्या उताऱ्यांत. आणि बरेचसे पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टांत. वरती घटना वीराच्या विजयाकडे धावतात आणि त्या कशा वाचाव्यात हे सांगणारा आवाज बाजूने, खालून, समासातून येतो. पुस्तकातही हा आवाज अनेकांना ऐकू आला नाही. वाचकांनी पॉलला डोक्यावर घेतले. पहिली कथा छापणारा ‘ॲनालॉग’चा संपादक जॉन कॅम्पबेल यानेच दुसरी नाकारली, कारण वीराचे असे पतन त्याला रुचले नाही. छापील पानावर जर ही गत, तर पडद्यावर काय होणार?

३

कादंबरी आणि चित्रपट यांत फरक कोणता, असे वर्गात विचारले तर विद्यार्थी सांगतात, की चित्रपट लहान असतो, त्यात काटछाट करावी लागते. हे खरे आहे. चारशेवर पानांची कादंबरी दोन-अडीच तासांत मावत नाही. पण अडचण निव्वळ लांबीची नाही. कादंबरी ‘त्याला वाटले’ असे एका वाक्यात लिहून मोकळी होते. कॅमेऱ्याला वाटणे दिसत नाही, त्याला चेहरा दिसतो. ज्याच्या चेहऱ्याजवळ कॅमेरा वारंवार जातो, त्याच्या बाजूने आपण नकळत होतो. त्याला खालच्या कोनातून दाखवले, मागे हजारोंचा जमाव उभा केला आणि संगीत चढवले, की विचार करायला उसंत राहत नाही. पान उलटून मागे जाता येते, थांबता येते. थिएटरात थांबता येत नाही, आणि शेजारचा टाळी वाजवतो म्हणून आपलाही हात उठतो.

म्हणजे मोठा पडदा हा स्वभावतःच वीर घडवणारा कारखाना आहे. आपल्याला याचे नवल वाटायला नको. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा लोक थिएटरच्या दाराशी चपला काढून आत जात आणि पडद्यावर फुले उधळीत. पडदा देव तयार करू शकतो याचा याहून मोठा पुरावा कोणता? तेव्हा ‘ड्यून’चे रूपांतर करणाऱ्यापुढचा खरा पेच हा, की देव घडवणाऱ्या यंत्राने देवाविरुद्धची गोष्ट सांगायची कशी?

हा पेच तीन दिग्दर्शकांनी तीन वाटांनी सोडवू पाहिला.

४

पहिला अलेहान्द्रो होदोरोव्स्की. चिलीत जन्मलेला आणि फ्रान्समध्ये काम करणारा हा विक्षिप्त, प्रतिभावान माणूस १९७४ ते १९७६ या काळात या कामाला भिडला होता. चित्रकार मोबियसकडून त्याने सुमारे तीन हजार रेखाचित्रांत सगळा चित्रपट आधीच काढून घेतला. स्वित्झर्लंडचा गीगर, इंग्लंडचा ख्रिस फॉस हे चित्रकार, सम्राटाच्या भूमिकेसाठी साल्व्हादोर दाली, दुष्ट सरदारासाठी ऑर्सन वेल्स अशी त्याची जमवाजमव होती. हॉलिवुडच्या स्टुडिओंनी पैसा दिला नाही आणि चित्रपट झालाच नाही. त्याची हकीकत २०१३ च्या एका माहितीपटात आली आहे. त्याच्या चमूतले ओबॅनन आणि गीगर पुढे ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटात दिसले, म्हणजे न झालेल्या कामातूनही पुष्कळ काही उगवले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्याने योजलेला शेवट. पॉल मारला जातो, आणि त्याच क्षणी भोवतीचा प्रत्येक जण ‘मीच पॉल’ असे म्हणू लागतो. एकाचे तेज सर्वांत वाटले जाते. वीराला मारून लोकांना वीर करणे ही त्याची तोड होती. ती उदात्त आहे यात शंका नाही. पण नीट पाहिले तर येथे पॉल खराखुरा तारणहारच ठरतो, तो फक्त वाटला जातो. भविष्यवाणी कोणी पेरली आणि का पेरली, हा प्रश्न तसाच राहतो.

दुसरा डेव्हिड लिंच. इटालियन निर्माता दिनो दे लॉरेन्तिस याच्यासाठी त्याने मेक्सिकोतल्या स्टुडिओत ‘ड्यून’ केला, तो डिसेंबर १९८४ मध्ये आला. लांबी १३७ मिनिटे, खर्च सुमारे चार कोटी डॉलर, आणि अमेरिकेतले उत्पन्न त्याहून कमी. शेवटचा हात फिरवण्याचा अधिकार लिंचला नव्हता. पुढे दूरदर्शनसाठी लांबवलेल्या आवृत्तीवरून त्याने स्वतःचे नाव काढून घेतले. मनातले विचार दाखवण्यासाठी लिंचने कुजबुजत्या आवाजातली स्वगते वापरली. पात्र गप्प उभे आहे आणि त्याचा विचार आपल्याला ऐकू येतो. पण या स्वगतांत पुस्तकातला संशय नाही, नुसती माहिती आहे. ती माहितीही इतकी दाट, की काही थिएटरांत प्रेक्षकांना शब्दार्थांचे छापील कागद वाटावे लागले.

आणि शेवट? पॉल जिंकतो आणि आकाशातून पाऊस पडतो. हजारो वर्षे कोरड्या ग्रहावर केवळ त्याच्या असण्याने पाऊस! कादंबरीत असे काही नाही. तेथे पाणी हे या किड्यांचे विष आहे. पाऊस पडला तर किडे मरतील, स्पाइस संपेल. पण गोष्ट शास्त्राच्या चुकीची नाही. भविष्यवाणी हा सत्तेने रचलेला बनाव आहे, असे पुस्तक म्हणते. पाऊस पाडून चित्रपट म्हणतो, की नाही, तो खरोखरच देव होता. हर्बर्टला लिंचची बरीच दृश्ये आवडली होती, पण या पावसाला त्याचा आक्षेप होता. पॉल हा देवाचे सोंग घेणारा माणूस आहे, पाऊस पाडणारा देव नव्हे, असे त्याचे म्हणणे. आणि फ्रेमेनांनी पिढ्यान् पिढ्या जमिनीखाली साठवलेल्या त्या हौदांचे काय? एका पावसाने त्यांचे सारे श्रम वाहून गेले. चमत्कार हा असा नेहमी कष्टकऱ्याच्या श्रमांवर बोळा फिरवतो.

२००० साली अमेरिकेत दूरचित्रवाणीवर तीन भागांची मालिका झाली. तिच्यात कादंबरीतला मजकूर अधिक आला, पण मोठ्या पडद्याचा आपला प्रश्न तेथे तितका उभा राहत नाही.

५

तिसरा दनी व्हिलनव्ह, कॅनडाच्या फ्रेंच भाषक क्वेबेक प्रांतातला. त्याने एकाच कादंबरीचे दोन भाग केले. पहिला २०२१ मध्ये आला, १५५ मिनिटांचा. दुसरा २०२४ मध्ये, १६६ मिनिटांचा. पहिला प्रदर्शित होऊन चालल्यावरच दुसऱ्याला स्टुडिओने मान्यता दिली. पहिल्याला छायालेखन, संकलन, संगीत, ध्वनी, कलादिग्दर्शन आणि दृश्यपरिणाम अशी सहा ऑस्कर पारितोषिके मिळाली. पण आपण पाहायचे ते, की पुस्तकातला तो समासातला आवाज त्याने कुठे नेऊन ठेवला.

त्याने स्वगते गाळली आणि इरुलानचे उतारेही जवळजवळ गाळले. तो आवाज त्याने चानीला दिला. चानी ही फ्रेमेन तरुणी, पॉलची प्रेयसी. कादंबरीत ती पॉलवर निष्ठा ठेवणारी आहे. पॉल राजकारणासाठी राजकन्येशी विवाह करतो तेव्हाही ती उपपत्नी म्हणून त्याच्याजवळच राहते. चित्रपटात मात्र पहिल्या भागाची सुरुवातच चानीच्या निवेदनाने होते. लिंचच्या चित्रपटाची सुरुवात सम्राटाच्या मुलीच्या तोंडून होते, येथे ती लुटल्या गेलेल्यांच्या मुलीच्या तोंडून होते. हार्कोनेन गेले, आता आमच्या छातीवर बसायला पुढचे कोण येणार, अशा अर्थाचा तिचा प्रश्न आहे. आणि या प्रश्नानंतर पहिला चेहरा दिसतो तो पॉलचा! उत्तर तेथेच दिलेले आहे, पण पहिल्या खेपेला ते आपल्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या भागात त्याने फ्रेमेनांतच दोन तट दाखवले. उत्तरेकडचे तरुण भविष्यवाणी मानत नाहीत, दक्षिणेकडचे तिच्यावर जीव टाकतात. शोषितांचा समाज म्हणजे एकच डोके आणि एकच श्रद्धा, असे दाखवण्याची पांढरपेशी खोड येथे मोडली आहे. आपापसांत वाद घालणारी, हसणारी, नकार देणारी माणसे म्हणून फ्रेमेन समोर येतात. स्टिल्गारच्या भक्तीवर आपण आधी हसतो. मी तारणहार नाही असे पॉल म्हणतो, तर स्टिल्गार त्यातच त्याची नम्रता आणि म्हणून थोरवी पाहतो. भक्ताला नकारही पुरावाच वाटतो. पुढे हाच स्टिल्गार मरायला आणि मारायला निघतो तेव्हा आपले हसू थांबते.

आणि शेवटी सारे गुडघे टेकतात, चानी टेकत नाही. ती वाळवंटात एकटी निघून जाते आणि चित्रपट तिच्या चेहऱ्यावर संपतो. सिंहासनावर बसलेल्या वीराचा चेहरा शेवटचा नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. चानी वाईट ठरलेली नाही आणि ती रुसलेलीही नाही. काइन्सच्या कानात घुमणारा तो इशारा पुस्तकाच्या बाहेर येऊन एका माणसाच्या पायांनी चालू लागला आहे. पुस्तकाशी प्रामाणिक राहण्यासाठी दिग्दर्शकाने पुस्तकातले पात्र बदलले. रूपांतर म्हणजे शब्दाला शब्द नव्हे, हे येथे नीट दिसते.

६

मग सारेच साधले का? नाही. जे हरवले तेही सांगितले पाहिजे.

कादंबरीत एका मेजवानीचा प्रसंग आहे. या कोरड्या ग्रहावरच्या राजवाड्यात पाहुण्यांनी दाराशी ठेवलेल्या पाण्यात हात बुडवायचे, पाणी मुद्दाम जमिनीवर सांडायचे आणि हात पुसून टॉवेल त्या थारोळ्यात फेकायचा, अशी रीत. बाहेर भिकारी उभे. त्यांना त्या टॉवेलांचे पिळलेले पाणी मिळायचे. पॉलचा बाप ही रीत बंद करतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला पेलाभर पाणी द्यायला सांगतो. हा प्रसंग लिंचच्या चित्रपटात नाही आणि व्हिलनव्हच्याही नाही. व्हिलनव्हने त्याऐवजी राजवाड्यासमोरची खजुराची झाडे ठेवली. एकेक झाड पाच माणसांचे पाणी पिते, पण ती पवित्र म्हणून तोडायची नाहीत. प्रसंग चांगला आहे. पण टॉवेल पिळून मिळालेले पाणी ही वेगळीच गोष्ट आहे. माझी आजी सांगायची, की विहिरीवर घागर घेऊन उभे राहायचे, कोणी वरून पाणी वाढेल तेव्हा वाढेल, दुपार झाली तरी बोलायचे नाही. पाण्याच्या तुटवड्यापेक्षा पाणी कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न मोठा असतो. १९२७ साली महाडला जे घडले ते तहान लागली म्हणून घडले नाही. हर्बर्टने तो प्रश्न एका मेजवानीत मांडला होता. पडद्यावर वाळवंट भव्य झाले, तहानही दिसली, पण पाण्यातली ही उतरंड धूसर झाली.

दुसरे, काइन्सचे. व्हिलनव्हने काइन्सला स्त्री केले आणि तिचा मृत्यू तडफदार केला. पण वीरपुरुषाच्या आपत्तीविषयीचा तो आवाज तेथे नाही, आणि तीनशे-पाचशे वर्षांच्या कामाचा विचार ओझरता येतो. जमिनीखालचा पाण्याचा साठा दिसतो, तो मुख्यतः पवित्र स्थळ म्हणून. थेंब साठवणारे हात दिसत नाहीत. संथ, सामुदायिक, नाव नसलेले काम पडद्याला दाखवता येत नाही काय? येत असेल, पण त्यासाठी कोणी पैसा लावत नाही.

तिसरे, भाषेचे. हर्बर्टने फ्रेमेनांची भाषा आणि धर्म बराचसा अरबी-इस्लामी परंपरेतून उचलला. ‘जिहाद’ हा शब्द कादंबरीत जागोजाग आहे. चित्रपटात तो गाळून ‘पवित्र युद्ध’ अर्थाचा शब्द आला. चित्रीकरण जॉर्डनच्या वादी रम आणि अबू धाबीच्या वाळवंटात झाले, पण प्रमुख फ्रेमेन भूमिकांत अरब नट-नटी अभावानेच दिसतात, यावर टीकाही झाली. ज्यांची भूमी चालते, ज्यांचे शब्द चालतात, त्यांचे चेहरे का चालू नयेत? हा प्रश्न सिनेमाच्या प्रत्येक उद्योगाला विचारावा लागेल, आपल्याकडच्यालाही.

७

हे सारे आपण कशासाठी वाचायचे? शोषितांच्या चळवळीत तारणहाराचा प्रश्न पुस्तकी राहत नाही म्हणून. माझ्या घरात पुस्तक आले ते माझ्या दप्तरातून, आणि ते दप्तर ज्यांच्यामुळे आले त्यांचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. मग मीही भक्तच का, असे त्या रात्री मी स्वतःला विचारले. उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार वेगळे केले होते. थोर माणसाविषयी आदर बाळगणे वेगळे, आणि आपली बुद्धी त्याच्या पायाशी ठेवून आज्ञा पाळणे वेगळे. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले, की राजकारणात भक्ती आली की ऱ्हास आणि हुकूमशाही दूर नसते. ज्याच्यापुढे लाखो लोक हात जोडून उभे होते, त्यानेच त्यांना हे सांगितले. पॉल अट्रेडीज आणि बाबासाहेब यांत हाच फरक आहे. पॉलने लोकांची श्रद्धा स्वतःसाठी वापरली. बाबासाहेबांनी ‘शिका’ असे सांगून लोकांना स्वतःच्या पायांवर उभे केले.

‘ड्यून मेसाया’वरच्या तिसऱ्या चित्रपटाचे चित्रीकरण व्हिलनव्हने २०२५ मध्ये सुरू केले. त्या कादंबरीत वीराच्या विजयाचा हिशेब मांडलेला आहे, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांना त्याचे उत्तर मिळायला हवे. परंतु पडद्यावर विसंबून चालणार नाही. त्या सहलीनंतरच्या आठवड्यात मी काइन्सच्या मृत्यूचे प्रकरण मराठीत सांगून वर्गात वाचले. मागच्या बाकावरचा तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “सर, पाचशे वर्षे थांबायला ते लोक तयार होते, तर मग तो आला तेव्हा ते त्याच्या मागे का गेले?”

मी त्याला म्हटले, यावर तू लिही. त्याने चार पाने लिहून आणली आहेत.